करकोचे परतले तो वार

बापाचं नाव त्या वस्तीत कुणी घ्यायचं नाही, असा हुकूम होता. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, हा तर गवताळ मुलखातला जुनाच रिवाज. एक नाव भीतीनं बंद, दुसरं मानानं. कुनसुलूच्या तोंडात दोन्ही अडकली होती.

तिचा बाप तिलेमिस कवी होता. त्यानं जन्मभर प्रेमाचीच गाणी केली. त्यातल्या एकात एक मुलगी प्रियकराची वाट बघत नदीवर येते, तर पाणी कुंपणाआड गेलेलं असतं. आणि पुढे ओळ येते, ‘पाण्याला विचारून करकोचे परतले.’ नदीकाठची कुरणं रशियन किल्ल्याला लिहून देणाऱ्या कागदावर शिक्का होता सुलतान सार्सेनचा. गाण्यात त्याचं नाव नव्हतं, पण ज्याचं त्याला बरोबर लागतं. सार्सेननं किल्ल्यातल्या साहेबाकरवी तिलेमिसला बेड्या घातल्या, त्याचा दोन तारांचा दोंब्रा चुलीत घातला आणि हे गाणं म्हणेल त्याच्या पाठीवर चाबूक ठरवला.

मग सार्सेनचा निरोप आला: मुलगी आमच्या धाकट्याला द्या, बापाला सायबेरियात जाऊ देत नाही. आईनं मुलगी दिली. लग्नाच्या मेजवानीची हाडं अजून कुत्री चघळत होती तेव्हा सासू म्हणाली, “तुझ्या बापाची गाडी गेली म्हणे उत्तरेला. रडू नकोस हं. कुमिस घुसळताना रडलं की दूध नासतं.”

कुनसुलू रडली नाही. घोडीचं दूध ती एकाच लयीत घुसळत राहिली. मारायचं कशानं, हे तिला ठाऊक होतं. बापानं ते गाण्यात ठेवलं होतं. मारायला जागा तेवढी हवी होती.

ती सासूनंच दिली. सार्सेन बुधवारी जन्मला म्हणून सार्सेन. तिकडे बुधवारला सार्सेन्बी म्हणतात. सासऱ्याच्या नावाशी जुळणारा शब्दही सुनांना वर्ज्य, म्हणून त्या घरातल्या बायका बुधवारला ‘मधला वार’ म्हणत. पण नव्या सुनेनं नवा शब्द आणावा अशी रीत, आणि ही तर कवीची लेक.

“मधला वार ऐकून ऐकून कान किटले,” सासू म्हणाली. “तू काहीतरी गोड सुचव बघू.”

“‘करकोचे परतले तो वार’. चालेल का आपा?”

जाजमासाठी लोकर लाटणाऱ्या बायकांचे हात थांबले. थोरली जाऊ खाली मान घालून हसली. सासूला मात्र गाण्यांत काडीचं गम्य नव्हतं. “लांबलचक आहे बाई,” ती म्हणाली, “पण कानाला बरं वाटतं.” आणि सगळ्यांदेखत तिनं स्वतःची पोवळ्यांची माळ सुनेच्या गळ्यात घातली. माळ पडली म्हणजे शब्द घराचा झाला.

किल्ल्याचा बाजार बुधवारी भरायचा. “बाजार कधी?” “करकोचे परतले त्या वारी.” “लोकर कधी धुवायची?” “करकोचे परतले की दुसऱ्या दिवशी.” भाऊबंदांच्या वस्त्यांमधल्या सुनांनी तो शब्द उचलला, त्यांच्याकडून गुराख्यांनी. चाबूक कुणावर उगारणार? कुणी गात नव्हतं. बायका वार सांगत होत्या.

सार्सेनला कळलं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही किल्ल्याच्या दुभाष्याकडून. साहेबांनी विचारलंय, तो म्हणाला, की तुमच्या बायका बाजाराच्या दिवसाला पक्ष्यांचं नाव का देतात? विचारताना तो मिशीत हसत होता.

आसपासच्या कुळांचे म्हातारे मेजवानीला जमले होते त्या मंगळवारी सार्सेननं सुनेला तंबूत बोलावलं. ती वाडगे भरत होती.

“सूनबाई, उद्या वार कोणता?”

“करकोचे परतले तो, तोरे.” राजवंशातल्या माणसाला असंच म्हणायचं असतं. ती अदबीनंच म्हणाली.

“हे शब्द कुणाचे?”

“ज्याचं नाव घ्यायला तुमची मनाई आहे, त्यांचे.”

एका म्हाताऱ्याला ठसका लागला. सार्सेननं आवाज चढू दिला नाही. “आधीसारखं मधला वार म्हणायचं.”

“म्हणेन की. पण लोक विचारतील, मधला म्हणजे कुणाच्या मधला? आमच्या नदीच्या आणि त्यांच्या किल्ल्याच्या मधे शिक्का घेऊन उभा होता, तो का?”

आता ठसका लागला नाही, लोक सरळ हसले. मेजवानीला आलेला दुभाष्यासुद्धा हसला. सार्सेनचा चेहरा काळवंडला. वाडगा उपडा करून तो ओरडला, “मग वाराला वारच म्हण. जे नाव आहे ते घे.”

कुनसुलूनं भांडं खाली ठेवलं. “तोरेंची परवानगी आहे?”

“आहे म्हणतो ना.”

तिनं म्हाताऱ्यांकडे पाहिलं. “थोरल्यांनी ऐकलं?”

त्यांच्यातला सगळ्यात वयोवृद्ध बाक्तियार जागेवर चुळबुळला. त्याला पुढचं दिसलं होतं, पण खोटं बोलणं त्याला जमेना. “ऐकलं, पोरी.”

“सार्सेन्बी,” कुनसुलू म्हणाली. मग सासऱ्याच्या डोळ्यांत बघून, घोड्याला हाकारावं तसं, “सार्सेन. सार्सेन.”

सुनेच्या तोंडून नाव निघालं की सासऱ्याचा मान जमिनीवर येतो, हे तिथल्या दुधपित्या पोरालाही कळतं. सार्सेनचा हात चाबकाकडे गेला. बाक्तियारनं आपली काठी आडवी धरली. “तुमच्याच हुकमानं बोलली ती. हुकूम पाळल्याबद्दल मारायचं, असा कायदा आम्हाला माहीत नाही.” मग तो उठला, मागोमाग बाकीचे. पाहुण्यांना मानानं वाढलेलं मेंढ्याचं मुंडकं ताटात तसंच राहिलं.

दुपारी घोड्या दोहायला आल्या. कुनसुलू शिंगरू धरून उभी होती. बाप कुठल्या खाणीत आहे, आहे की नाही, तिला ठाऊक नव्हतं. यातलं काहीच त्याच्या कानावर जाणार नव्हतं. एवढ्यानं तिचं भागलंही नव्हतं.

सासू चरवी घेऊन आली. सुनेशेजारी येऊन तिनं विचारलं, “ती परवानगी तुला एकटीलाच होती, का सगळ्यांना?”

“‘जे नाव आहे ते घे’ म्हणाले, आपा. कुणी घ्यायचं, ते नाही म्हणाले.”

म्हातारीनं लग्न झाल्यापासून ते नाव उच्चारलं नव्हतं. आधी तिनं ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. मग तंबूकडे तोंड करून खणखणीत हाक मारली, “सार्सेन. घोड्या आल्यात.”

तिनं पुन्हा हाक मारली. लोकर लाटणारी थोरली जाऊही मग ओरडली, “सार्सेन, आपा बोलावतायत.” दुसऱ्या तंबूच्या दारातून आणखी एक आवाज आला, मग आणखी एक.

बऱ्याच वेळानं सार्सेननं आतून ओ दिली.