राघूच्या पायांखालची दांडी

मित्रांनो, नीराबाईच्या पडवीत वाशाला एक रिकामा पिंजरा टांगलेला आहे. त्यात बोटाएवढी जाड काटकी आडवी दिसते ना, ती मी. चुलीत घातली तर तांब्याभर पाणीही तापायचे नाही. पण माझ्यावर एक जीव बारा वर्षे उभा होता. बारा वर्षे म्हणजे एक तप! ऋषी वारुळात बसून तप करतात, मी पिंजऱ्यात राहून केले, एवढाच फरक.

माझा जन्म परसातल्या पेरूवर झाला. मांडव्याच्या दक्षिणेला, खाडीच्या कडेला आमचे गाव. फांदीवर झोके घेत मी समोरच्या मिठागरातल्या पांढऱ्या राशी पाहत असे. दुपारच्या गुंगीत वाटे, आकाशातले ढगच खाली येऊन ओळीने बसले आहेत आणि दिवेलागणीला उठून घरी जातील.

सन एकोणीसशे पंचवीसच्या उन्हाळ्यात मिठागरावर खपणाऱ्या दयारामने मला कोयत्याने छाटले. त्याची लेक जनी हिला माडाच्या ढोलीतून पडलेले पोपटाचे पिल्लू सापडले होते. त्याच्यासाठी पिंजरा आला आणि पिंजऱ्यासाठी मी. पिल्लाचे नाव ठेवले राघू.

जनी मोठी चौकस पोर. माझी साल झिजून मी गुळगुळीत झाले, राघूचे पाय घसरू लागले, तेव्हा तिने आईचे चिंध्यांचे बोचके पुढ्यात ओतले. खणाचा रेशमी तुकडा गुंडाळून पाहिला. राघू त्यावरून सरळ खाली. गोणपाट गुंडाळले, त्याचा धागा नखात अडकला आणि राघूने आकांत मांडला. शेवटी धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली सुती चिंधी तिला पसंत पडली. ती मला घट्ट, सपाट वेढे देई, गाठ खालच्या अंगाला घेई, सुटा धागा दिसला की दाताने तोडी. दर सोमवारी जुनी सोडून धुतलेली बांधी. माझे एक टोक मात्र उघडे ठेवी. म्हणे, ‘पायाला पालट नको?’

समोरच मारुतीचे देऊळ. श्रावणात तिथे सप्ताह बसे, कीर्तन रंगे. वीणेचा झंकार पडवीत येई, माझ्या लाकडातून हळूच फिरे, आणि मला वाटे, मी अजून झाडावरच आहे, वाराच नाम घेतो आहे.

मिठागरावरून परतली की जनी दारातून हाक मारी, ‘आये, दार उघड गो!’ थोड्याच दिवसांत राघू तीच हाक हुबेहूब तिच्या आवाजात मारू लागला. तिची आई नीराबाई फसून दाराशी येई, रिकामा उंबरा पाही आणि हसे. ‘मेल्या, किती पळवशील मला?’

तीन वर्षांनी जनीचे लग्न झाले. सासर दूर, दिघीला. लगीनघाईत तिने आईला बजावले होते, ‘राघूच्या चिंधीकडं बघ गो.’ पण मांडव उतरेपर्यंत ते कुणाच्या ध्यानात राहणार? घर सुने झाले. राहिला तो राघूच्या कंठातला लेकीचा आवाज. ती हाक आली की नीराबाई आता हसत नसे. हातातले काम टाकून पिंजऱ्याशी येई आणि म्हणे, ‘जने, जेवलीस का गो?’ रोज दुपारी, न चुकता.

पुढच्या वर्षी निरोप आला. जनी पहिलटकरीण होती. नारळी पौर्णिमा झाली, मचवे सुटले, की बाळंतपणाला माहेरी येणार होती. निरोपाच्या शेवटी एवढेच होते, ‘माझ्या राघूला सांभाळा.’

तोवर माझी चिंधी फाटून लोंबत होती. दयारामने जे केले ते मायेनेच केले. मिठागरात गोणी बांधायचा जुना काथ्या आणला आणि माझ्याभोवती करकचून आवळला. ‘आता घसरायचं नाव नको. धा वर्सं बघाया नको,’ तो म्हणाला. मित्रांनो, तो काथ्या वर्षानुवर्षे खाऱ्या पाण्यात मुरलेला. पावसाळी हवा लागताच त्यातले मीठ पाझरू लागले. मी सदा ओली. त्या घरात हे कुणाला खटकले नाही, कारण त्यांचे पाय खाऱ्या पाण्यातच वाढलेले. त्यांच्या लेखी खारे पाणी म्हणजे औषध! राघूचे तळवे मात्र कोवळे. आधी लाल झाले, मग चिरले. तो एक पाय उचली, तो टेकवून दुसरा उचली. आणि एक दिवस त्याची हाक बंद झाली.

‘दिष्ट लागली,’ म्हणत नीराबाईने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मिठाच्या दुखण्यावर मीठच! राघूने दाणेही टाकले. ‘बोल रं बाबा,’ ती विनवी. ‘पोर भरल्या दिसांची येनार. तिला काय तुजा मुडदा दावू?’ तिच्या घशाखाली घास उतरेना. मला सारे कळत होते, पण लाकडाला वाचा कुठली?

सप्ताहासाठी दत्तात्रेयबुवा आले ते आमच्याच पडवीत उतरले. वृद्ध कीर्तनकार. कीर्तनाला उभे राहण्याआधी पायांखालच्या जागेला वाकून नमस्कार करायचा आणि मग तीन तीन तास अनवाणी उभे राहायचे, हा त्यांचा नेम. दुसऱ्या सकाळी तोंड धुता धुता त्यांची नजर राघूवर खिळली.

‘नीराबाई, ह्याला बोलायचं नाही असं नव्हे. ह्याला उभंच राहवत नाही.’

त्यांनी काथ्याला बोट लावले, ते जिभेवर टेकवले आणि तोंड वाकडे केले. ‘दयाराम, अरे, पाखराला मिठागरात उभं केलंस की!’

‘बुवा, आमचं पाय बघा. जलम गेला खाऱ्या पान्यात. काय झालं?’

‘तुमचं पाय आनि त्याचं पाय येक व्हय?’ नीराबाई कडाडली. ‘तुमी रेडं, रेडं! त्याचं तळवं बघा, आंब्याच्या पालवीवानी हायेत!’

बुवा हसले. ‘भांडू नका. उभं राहून पोट भरणाऱ्यालाच उभ्याचं दुखणं कळतं. पाय सुखी, तर गळा मोकळा.’

काथ्या कापून फेकला. मला ऊन पाण्याने धुतले आणि उन्हाची तिरीप आली तेवढ्यात वाळवले. राघूच्या तळव्यांना खोबरेल लावले. आता मऊ कापड हवे होते. पण चिंध्या साऱ्या गोधडीत गेलेल्या; उरलेले सगळे जाडेभरडे. नीराबाई थबकली. मग आत जाऊन तिने उशाखालचे जनीचे जुने लुगडे आणले. विरलेले, लोण्यासारखे. लेक सासरी गेल्यापासून तिने ते धुतले नव्हते. त्याला जनीचा वास येई.

‘ह्ये फाडू?’ तिने विचारले. कुणाला विचारले, कोण जाणे. दयारामने मान खाली घातली. तिने लुगडे एकदा नाकाशी धरले, आणि मग स्वतःच्या हाताने धुऊन वाळत टाकले. तिसऱ्या प्रहरी पदर दातांत धरून तिने ते टरकन फाडले. देवळात टाळ वाजत होते. पहिला वेढा माझ्या अंगावर बसला आणि मला वाटले, कुणीतरी मला मांडीवर घेतले आहे.

चार पट्ट्या झाल्या. एक माझ्यावर, एक चुलीच्या उबेला वाळत, दोन शिलकीत. सोमवार नीराबाईने एकही चुकवला नाही. हळूहळू राघू दोन्ही पायांवर उभा राहिला, दाणे टिपू लागला. पण हाक? पौर्णिमा उलटली तरी तो गप्पच.

एका दुपारी दार लोटून नीराबाई चुलीशी बसली होती. बाहेरून हाक आली, ‘आये, दार उघड गो!’

‘बोलला! माजा राघू बोलला!’ हातातली पळी टाकून ती धावत आली, दार ओढले, आणि तिथेच थिजली. उंबऱ्याबाहेर जनी उभी होती, खरीखुरी, कमरेवर हात ठेवून, धापा टाकत.

तेवढ्यात माझ्यावर दोन पाय घट्ट रोवले गेले. राघूने मान वाकडी करून जनीकडे पाहिले, आणि थेट नीराबाईच्या आवाजात म्हणाला, ‘जने, जेवलीस का गो?’

जनी पाहतच राहिली. ‘आये, ह्ये त्याला कुनी शिकवलं?’

नीराबाईने पदर डोळ्यांना लावला. जनीने तारांतून बोट घालून माझ्यावरची पट्टी चाचपली. आपले लुगडे तिने ओळखले.

त्यानंतर राघू आठ वर्षे जगला. शेवटची पट्टी अजून माझ्या अंगावर आहे. मित्रांनो, पाखरू पाळलेत तर त्याच्या वाटीतले दाणे तुम्ही पाहालच. ते कुणीही पाहते. पण ते दिवसभर कशावर उभे असते, तेही हात लावून पाहा. ते कोरडे असू द्या, मऊ असू द्या, आठवड्याला धुतलेले असू द्या. एखादा धागा लोंबत असेल तर तोडा. पाय दुखले तरी पाखरू सांगत नाही, ते नुसते गप्प होते.

समोर टाळ वाजू लागले की अजून माझा डोळा लागतो आणि दोन इवलेसे पाय अंगावर जाणवतात. बुवा अजूनही उभे राहण्याआधी पायांखालच्या जागेला वाकून नमस्कार करतात. त्यातला थोडा मी माझ्यासाठी ठेवून घेते.