वरचं वर्तुळ

"माझ्या गाडीत बसून त्या रिपब्लिकनांना मत टाकायला जायचं असेल, तर देवाने पाय दिलेत तुला. चाल."

आजा हे बोलला तेव्हा बापाचा एक पाय पिकअपमध्ये होता आणि एक बाहेर. बाप तसाच थांबला. मग म्हणाला, "मी तुला तोंडावर सांगितलं हेच चुकलं का?"

"तोंडावर सांगितलंस म्हणून पाप धुतलं जात नाही."

"पाप? मी काय चर्च जाळलं?"

"तुझा आजा युनियनसाठी गोळी खाऊन लंगडा झाला, डेलमर."

"आणि मी बिनयुनियनच्या खाणीत डोंगर फोडून तुझ्या नातवाला खायला घालतो," बाप म्हणाला. "दोनदा मला घरी बसवलं, तेव्हा तुझा पक्ष कुठे होता? आता राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेला तुमचा उपराष्ट्राध्यक्ष येऊन सांगतो की कोळसाच नको. मग मी काय फोडू, डोकं?"

आजाला दम लागला होता. नाकातल्या नळीतून ऑक्सिजन आत घेताना तो खांदे उचलतो, तसे त्याने उचलले. बापाने पाय बाहेर काढला, दार हळूच लावलं आणि ओढ्याकाठच्या रस्त्याने चालू लागला. शाळा तिथून चांगली लांब आहे. मी मागे हौद्यात बसलो होतो. खरं सांगतो, मला दोघांचाही राग आला. सकाळी सकाळी कुठला कोण माणूस वॉशिंग्टनला बसणार, आणि त्यावरून माझ्या घरात अंडी थंड.

आजाचं नाव ऑर्व्हल एस्टेप. वेस्ट व्हर्जिनियातल्या आमच्या खोऱ्यात हे नाव माहीत नाही असं कुत्रंही नाही. उभा जन्म जमिनीखाली कोळसा काढला, आता तोच कोळसा छातीत बसलाय. पण मतदानाचा दिवस आला की त्याचा खोकलासुद्धा कमी होतो. गाडी धुवायची, बुटांना पॉलिश, युनियनची टोपी. मग खोऱ्याच्या वरच्या टोकापासून एकेक घर घेत खाली यायचं, ज्यांना गाडी नाही, ज्यांचे गुडघे गेलेत, जे आळशी आहेत, सगळ्यांना गोळा करून शाळेत नेऊन सोडायचं, मत टाकलं की परत घरी. माझा बाप पाळण्यात होता तेव्हापासून हे काम त्याचं. पक्षाने दिलेलं, पण तो ते देवाने दिल्यासारखं करायचा. आमच्या घरात भिंतीवर तीन तसबिरी आहेत, येशू, केनेडी आणि युनियनचा एक जुना पुढारी. पाहुणा आला की आजा तिसऱ्यापासून सुरुवात करतो.

यंदा, म्हणजे २००० सालच्या नोव्हेंबरात, मी मोकळाच होतो. सप्टेंबरात शाळा सोडली होती. म्हणून आजाने मला बरोबर घेतलं, म्हाताऱ्यांना हात द्यायला.

गाडीत बसलं की प्रत्येकाला आजा तेच सांगायचा. आमच्या काउंटीत अजून कागदावर फुली मारतात. कागदाच्या डोक्यावर प्रत्येक पक्षाचं एक वर्तुळ असतं. त्या वर्तुळात एकच फुली मारली की खालच्या सगळ्या नावांना, राष्ट्राध्यक्षापासून शेरीफपर्यंत, त्या पक्षाचं मत जातं. वाचायची गरज नाही, चष्म्याची गरज नाही.

"वरचं वर्तुळ," आजा म्हणायचा. "डेमोक्रॅटांचं. एक फुली आणि बाहेर. कॉफी थंड व्हायच्या आत."

"माहीत आहे रे ऑर्व्हल," लोक म्हणायचे. "आम्ही काय आज जन्मलो?"

आणि बाहेर आल्यावर परत गाडीत बसताना तो विचारायचा, "वरचं वर्तुळ?" लोक म्हणायचे, "वरचं वर्तुळ." चर्चमध्ये आमेन म्हणतात तसं.

मला शाळेत शिक्षक म्हणायचे की तुझं लक्ष नसतं. लक्ष असतं माझं, फळ्याकडे नसतं इतकंच. त्या दिवशी शाळेच्या जिममध्ये मतदान होतं, त्याच्या दाराशी मी उभा राहून बघत होतो. पडद्यामागे लोकांचे नुसते पाय दिसत होते. आणि मला वाटलं, एक फुली मारायला एवढा वेळ कशाला लागतो? क्लाइड व्हॅनोव्हर, खाणीत आजाच्या शेजारी वीस वर्षं काम केलेला माणूस, पडद्यामागे उभाच. एका पायावरून दुसऱ्या पायावर. मग बाहेर आला, आजाने विचारलं, त्याने "वरचं वर्तुळ" म्हटलं, पण म्हणताना आजाच्या बुटांकडे बघत होता. मला वाटलं, पॉलिश बघतोय.

आजाच्या वयाची आयसी टोलर सकाळीच आमच्याबरोबर आली होती, पण तिला संध्याकाळपर्यंत थांबायचं होतं. चर्चच्या बायका शाळेच्या ओसरीत हॉटडॉग विकत होत्या, वर खिम्याचा रस्सा आणि कोबीची कोशिंबीर, आणि ती कोशिंबीर आयसीशिवाय कोणी करू शकत नाही असं तिचंच म्हणणं. आजाला तिने पैसे न घेता एक दिला. "खा, नाहीतर त्या नळीवरच जगशील," म्हणाली. आजा हसला. त्यांचं लहानपणापासून असंच आहे. माझी आजी गेल्यावर लोक काहीबाही बोलायचे, पण तसं काही नव्हतं.

दुपारी बाप चालत आला. बुटांना चिखल. तो आत गेला, थोड्या वेळाने बाहेर आला. दोघं एकमेकांसमोरून गेले. आजाने त्याला काही विचारलं नाही. आयसीने बापाला हाक मारून हॉटडॉग दिला, तो त्याने उभ्यानेच खाल्ला आणि पाळीवर जायला निघाला. खाणीचं एक पोरगं जीप घेऊन आलं होतं, त्यात बसून गेला. आजा त्या जीपकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "एक गेला. एका मताने काय होतंय."

अंधार पडल्यावर मतदान संपलं आणि मोजणारे आत दार लावून बसले. आमचं केंद्र लहान, फार वेळ लागत नाही. मोजून झालं की आकड्यांचा कागद दारावर चिकटवतात. आजा दर वेळी तो कागद बघून, पक्षाच्या माणसाला फोन करून मगच घरी जातो. आयसी भांडी धुऊन आमच्याजवळ येऊन बसली. मान खाली होती. मला वाटलं दमली असेल.

कागद लागला. आजाने चष्मा लावला. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं.

गव्हर्नर, आपला. शेरीफ, आपला, तोही धो धो मतांनी. मॅजिस्ट्रेट, आपला. आजाचं बोट तिथे खालीच होतं, सगळ्यात वरची ओळ तो नेहमी शेवटी वाचतो. मग बोट वर गेलं. राष्ट्राध्यक्ष. समोरच्या पक्षाच्या माणसाला, त्या टेक्सासच्या गव्हर्नरला, आमच्या उपराष्ट्राध्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट मतं.

"उलटं लिहिलंय," आजा म्हणाला.

त्याने दार ठोठावलं. आतून व्हर्सी बाहेर आली. ती मोजणीला बसते, आमच्याच पक्षाची, आजीची मैत्रीण. आजा तिला म्हणाला की बाई, आकडे चुकून इकडचे तिकडे झालेत, फाड आणि नीट लिही.

व्हर्सीने दार मागे ओढून घेतलं. तिने आजाचा कोपर धरला.

"वर्तुळं सगळी आहेत, ऑर्व्हल," ती म्हणाली. "तू जितकी माणसं आणलीस तितकी वर्तुळं भरतात. सगळ्यांनी तुझा शब्द राखला."

"मग?"

"मग खाली उतरून राष्ट्राध्यक्षाच्या ओळीत तेवढ्या एका दुसऱ्या नावापुढे वेगळी फुली मारलीय. वर वर्तुळ असलं तरी खाली वेगळी फुली असली की तीच धरतात. तुला नियम माहीत आहे."

आजाला नियम माहीत होता. त्यानेच एका वर्षी शेरीफच्या वेळी तो लोकांना शिकवला होता, आपल्याच पक्षातला एक चोर पाडायला. आयुष्यात एकदाच.

मला काय झालं कोणास ठाऊक, मी लाथ घातली. दाराजवळ कचऱ्याचा डबा होता, तो गडगडत ओसरीभर गेला, सगळे कागदी द्रोण सांडले. मी म्हटलं, थांबा, एकेकाला घरी जाऊन विचारतो, क्लाइडपासून सुरू करतो. आजा म्हणाला, "वेस, डबा उचल." एवढंच. मी उचलला. कोबी वेचत होतो तेव्हा माझ्या डोक्यात गोल फिरत होतं की हे सगळे खोटंही बोलले नाहीत. वरचं वर्तुळ म्हणाले, ते खरंच होतं. माझ्या बापाने वर्तुळ केलं की नाही कोण जाणे, पण जे करणार होता ते सकाळी सांगून मोकळा झाला, आणि तोच एकटा चालत आला. बाकी सगळ्यांना आजाने स्वतः दारातून उचलून आणलं. पेट्रोल घालून.

पक्षाच्या माणसाला त्याने फोन केला नाही.

आयसीला घरी सोडायचं होतं. ती पुढे त्याच्या शेजारी बसली, मी हौद्यात, पण केबिनची मागची काच मोडलीय, सगळं ऐकू येतं. मग आयसी म्हणाली, "मी वर्तुळ केलं होतं, ऑर्व्हल."

"माहीत आहे."

"माझा नातू रँडल त्या मोठ्या ट्रकवर लागलाय खाणीत. त्याला पोर होतंय. मला नातसून म्हणाली, आजी, खाण बंद झाली तर आम्ही ओहायोला जाऊ. मग मी..."

"आयसी, मी विचारलं का तुला?"

"नाही विचारलंस. तेच तर." ती रडत होती. "तुला नाही म्हणायची हिंमत असती तर मी सकाळी गाडीतच बसले नसते."

तिच्या दारात आजा खाली उतरला. सिलिंडर काखेत धरून, दम खात, पूर्ण वळसा घालून गेला आणि तिच्या बाजूचं दार उघडलं. नेहमी उघडतो तसंच. पायरीपर्यंत हात दिला. परत येऊन बसला तेव्हा चावी लावायला त्याला फार वेळ लागला. मी काचेतून म्हटलं, मी चालवू का. तो मागे न बघता पलीकडच्या सीटवर सरकला.

सकाळी कळलं, आमचं खोरंच नाही, अख्खं राज्य तिकडे गेलं. आजाच्या हयातीत ते तीनदाच गेलं होतं, तेही गादीवर बसलेल्याला परत बसवायला. नव्या माणसासाठी कधीच नाही. टीव्हीवर मात्र आमचं नावही नाही. सगळे फ्लोरिडाकडे डोळे लावून बसलेले, तिथे निकाल अडकलेला, मतांच्या कागदांची भोकं उजेडात धरून मोजत होते. आजा टीव्हीला म्हणाला, "राष्ट्राध्यक्ष ठरवणारी पाच मतं होती आमच्या राज्याची. ती पाच असती तर फ्लोरिडाला कोणी विचारलं नसतं." मग त्याने टीव्ही बंद केला आणि पुन्हा लावला नाही.

आणि मग लोक यायला लागले. आमच्याकडे कोणी मेलं की घरी शिजवलेलं झाकून आणतात. तसं आणलं. क्लाइडने घेवड्याचं पातेलं आणलं, मक्याचा पाव आणला, त्याची बायको आली नाही, तो एकटाच. ओसरीवर ठेवलं, टोपी काढली, थंडी पडलीय म्हणाला, गेला. आयसीने वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक पाठवला. निवडणुकीचं कोणी अवाक्षर काढलं नाही. आजा सगळ्यांना धन्यवाद म्हणायचा, अगदी नीट. पण खायचा नाही. मी आणि बाप खायचो. आई नर्सिंग होममधून पाळी संपवून यायची, भांड्यांच्या रांगेकडे बघायची आणि म्हणायची, जिवंत माणसाच्या घरात हे काय चाललंय.

थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या रविवारी आजाने आत्याला अॅक्रनला फोन केला. लोरीन आत्या त्याला वर्षानुवर्षं बोलावत होती, तो जात नव्हता, ओहायोत डोंगर नाहीत तर सूर्य कशाला टेकतो म्हणायचा. आता म्हणाला, येतो. कायमचा. केनेडी आणि युनियनच्या पुढाऱ्याची तसबीर घेतली, येशू आईसाठी ठेवला.

आज सकाळी बाप स्वयंपाकघरात त्याच्यासमोर बसला. पाळीवर जायचं होतं, डबा हातात होता, पण बसला. मी दारातच होतो.

"राहा," बाप म्हणाला. "माझ्यावर रागावून जाऊ नकोस."

"तुझ्यावर नाही रागावलो," आजा म्हणाला. "सगळ्या खोऱ्यात एक तूच माझ्या तोंडावर बोललास. मी तुला चालायला लावलं."

"मग?"

आजाने खांदे उचलून श्वास घेतला. "मी रस्त्याने निघालो की लोक माझ्या बुटांकडे बघतात, डेलमर. ते त्यांना किती दिवस करायला लावू?"

बापाने डबा टेबलावर ठेवला, परत उचलला. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर जीपचा हॉर्न वाजला. तो आजाच्या खांद्यावर हात ठेवून गेला. हात तिथे जरा जास्त वेळ होता. अॅक्रनला येईन असं म्हणाला नाही, कारण आमच्यात जे होणार नाही ते म्हणत नाहीत. निदान बाप तरी म्हणत नाही.

सिलिंडर मागे बांधलेत. आजा गाडीत बसलाय, टोपी मांडीवर, खोऱ्याकडे पाठ. अंधार व्हायच्या आत ओहायोच्या सीमेवरची नदी ओलांडायला हवी म्हणतोय. गाडी मी चालवणार, मला आता निघायला हवं.