बाबांच्या रक्तातल्या तीन रेघा

रक्त तपासण्यात माझी वीस वर्षं गेली, पण बाबांची नळी हातात आली की मी अगदी नवशिकी होते. यंदा तर आकडा बघून माझ्या पायाखालची जमीनच सरकली. स्नायूंत, हृदयात, मेंदूतही असणारं जे एन्झाइम रक्तात फार तर दोनशे असावं, ते चार हजार दोनशे!

आमच्या लॅबच्या डॉक्टर म्हणाल्या, "हे स्नायूंचं, हृदयाचं की मेंदूचं, ते वेगळं काढून बघ. आत्ताच."

हृदयाचं निघालं, तर बाबांना इथूनच दाखल करायचं होतं. निवृत्त मुख्याध्यापकच ते, बाहेरच्या बाकावर ताठ बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. घाम मला फुटला होता.

जेलच्या पट्टीवर त्यांच्या रक्तातल्या सीरमचा थेंब सोडला, वीज सुरू केली. विजेने एन्झाइमचे तिन्ही प्रकार पळत सुटतात: मेंदूचा सगळ्यांत पुढे, हृदयाचा मधे, स्नायूंचा आळशी, तो मागेच. जांभळ्या दिव्याखाली पट्टी धरली ती उलटीच. शेजारची टेक्निशियन म्हणाली, "ताई, द्या इकडे."

मागे एक जाडजूड रेघ. मधे काही नाही. पुढेही काही नाही.

मी नाचतच बाहेर आले. "बाबा, हृदय ठणठणीत!"

"आणि मेंदू?"

"रक्तात मेंदूचा पत्ताच नाही."

"आत्याला सांगू नकोस. ती चाळीस वर्षं हेच म्हणतेय."

"अहो, ते नसलेलंच चांगलं! पण स्नायूंचं एवढं आलं कुठून? खरं सांगा, काय केलंत?"

बाबांनी पेपराची घडी घातली. "तयारी."

"कसली?"

"तपासणीची. काल-परवा मिळून तीनशे उठाबशा काढल्या. म्हटलं, आकडे चांगले येतील."

जन्मभर पोरांना उठाबशा काढायला लावणारा माणूस! मला हसू आवरेना. दारात उभ्या डॉक्टरही खुदखुदत म्हणाल्या, "भरपूर पाणी प्या, आणि आठवड्याने पुन्हा रक्त द्या. उठाबशा न काढता."

"असली तयारी कोणी करतं का, बाबा?"

"तुझ्या आईचा रिपोर्ट सगळ्यांत आधी तूच वाचला होतास," ते हळूच म्हणाले. "तुझ्यावर पुन्हा ती वेळ येऊ नये, एवढंच."

मी पंचेचाळीस वर्षांची घोडी, सगळ्या पेशंटांसमोर धपकन बाबांच्या मांडीवर बसले आणि त्यांच्या गळ्यात हात टाकले.

"मांड्या गं," बाबा कळवळले, "मांड्या!"