जब्बारचाचांचा कान

मार्केट यार्डाच्या मागे गॅरेजांची रांग आहे, तिच्या टोकाला जब्बारचाचांचं पत्र्याचं दुकान. दुकानाला पाटी नाही आणि तिची गरजही कधी पडली नाही. टेम्पो मागून एका बाजूला कलला की ड्रायव्हर आपोआप तिकडेच वळतो. मागच्या चाकांवर सगळं ओझं पेलणारे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान, हे चाचांचं चाळीस वर्षांचं काम. तुटलेला पाटा बदलायचा, बसलेल्या पाट्याला भट्टीत घालून पुन्हा बाक द्यायचा, आणि जोडण्याआधी प्रत्येक पाटा टांगून हातोडीने वाजवायचा. धड पाटा घंटेसारखा घुमतो. चीर गेलेला टक् म्हणून गप्प बसतो. चीर गंजाखाली लपते, डोळ्यांना फसवते, पण कानाला फसवत नाही. चाचांचा कान अख्ख्या यार्डात प्रसिद्ध होता आणि चाचांना त्याचा अभिमान होता. अभिमान कसला, चांगला माज होता.

गेली दोन वर्षं मात्र त्यांची एकच तक्रार असायची. "आजकालच्या लोखंडात दम राहिला नाही. पूर्वी पाटा वाजवला की चार दुकानं वळून बघायची. आता नुसता कण्हतो." ऐकणारे मान डोलवायचे. लोखंडाची बाजू घेऊन चाचांशी कोण भांडणार? एकट्या नबीलने, त्यांच्या मुलाने, दिवाळीच्या सुमारास म्हटलं होतं, "अब्बा, एकदा कान दाखवून घ्या." नबीलने भट्टी सोडून स्वतःचा टेम्पो घेतला, याचा राग चाचांच्या मनात होताच. त्याच्या गाडीचे पाटे त्यांनी त्याच दिवशी सोडवून, वाजवून पुन्हा भरून दिले होते. "ज्याने हातोडी टाकली त्याने मला कान शिकवू नये," असं सुनावून त्यांनी आठवडाभर अबोला धरला. नबीलने पुन्हा विषय काढला नाही.

त्या दिवशी सकाळी वैजनाथ आला. वाशिमकडून येऊन दहा वर्षं यार्डात कांदा वाहणारा, सरळ माणूस. टेम्पो जुना, मागच्या डाव्या बाजूचा वरचा पाटा तुटून दोन तुकडे झालेला. दुपारी त्याच टेम्पोत घरची अठरा माणसं बसवून बोपदेव घाटातून सासवडला जायचं होतं. भाचीचा साखरपुडा होता.

"चाचा, सगळेच नवे टाकता का? माणसं न्यायचीत," तो म्हणाला.

चाचांना ते झोंबलं. त्यांनी वरचा पाटा नवा घातला आणि खालचे सहा एकेक करून टांगले. हातोडी मारली, मान तिरकी केली. लोखंड नेहमीसारखं कण्हलं.

"जुने आहेत, पण बोलतायत," ते म्हणाले. "सगळं नवंच हवं होतं तर माझ्याकडे कशाला आलास? शोरूमला जायचं."

वैजनाथ ओशाळून हसला. साडेबाराला टेम्पो गेला आणि चाचा जेवायला भवानी पेठेत घरी आले.

घरी त्यांची बायको कमरजहां दोन दिवस तापाने पडून होती. नबील कोल्हापूरला भाजी घेऊन गेलेला, म्हणून त्याची मुलगी मिसबा कॉलेज बुडवून आजीपाशी थांबली होती. तिने आजीच्या काखेत थर्मामीटर ठेवलं. "दादा, पीप वाजली की काढा. मी खिचडी बघते."

चाचा बसले. कमरजहांचा हात अवघडला, पण पीप काही वाजेना. शेवटी ते वैतागून ओरडले, "अगं, हे बिघडलंय!"

मिसबा पळी हातात घेऊनच बाहेर आली. "अहो दादा, केव्हाच वाजली! मला आत ऐकू आली."

"काहीतरीच सांगू नकोस."

तिने थर्मामीटर पुन्हा लावलं, आकडा आला तसं उचलून त्यांच्या कानाशी धरलं. काचेत आकडा लुकलुकत होता. "आता वाजतंय," मिसबा म्हणाली. तिचं बोलणं चाचांना स्वच्छ कळलं. बोलणं त्यांना कळायचंच, म्हणून तर आजवर कशाचा पत्ता लागला नव्हता. पण त्या यंत्राची बारीक, उंच पीप मात्र त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही.

लोखंड कण्हत नव्हतं. लोखंड पूर्वीसारखंच वाजत होतं, आणि ते दोन वर्षं बहिऱ्या कानाने त्याला नावं ठेवत होते. मग सकाळचे ते सहा पाटे?

त्यांनी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. वैजनाथच्या मागे बायकांचा हसण्याबोलण्याचा गलका होता.

"वैजनाथ, एक नट सैल राहिलाय रे. माघारी ये."

"कोणता ते सांगा चाचा, पाना आहे माझ्याजवळ. मी आवळतो. पाहुणे वाट बघायलेत, कोंढवा मागं टाकला आम्ही."

अंथरुणावरून कमरजहां त्यांच्याकडे बघत होती, दारातून मिसबा. चाळीस वर्षांचं नाव एका वाक्यात मातीत जाणार होतं, आणि ते वाक्य सोडून दुसरं कुठलंच वाक्य टेम्पो थांबवणार नव्हतं.

"नट नाही," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही. सकाळी मी पाटे वाजवले, पण धड कोणता, चिरलेला कोणता, मला ऐकूच आलं नाही. घाटात जाऊ नकोस."

वैजनाथ म्हणाला, "चाचा, मागं लेकरं बसलीत." आणि थोड्या वेळाने, "येवलेवाडीत थांबतो."

मिसबाने शेजारणीला आजीपाशी बसवलं आणि स्कूटर काढली. चाचा हातोडी मांडीवर धरून मागे बसले. घाट सुरू होण्याच्या अलीकडे, एका पंक्चरच्या दुकानासमोर टेम्पो उभा होता. नव्या साड्यांतल्या बायका झाडाखाली बसल्या होत्या, मुलं रस्त्याकडे धावू नयेत म्हणून त्यांना दटावत होत्या. वैजनाथने जॅक लावून ठेवला होता. दोघांनी मिळून सकाळी बांधलेले पाटे सोडवले.

चाचांनी पहिला पाटा दोरीला टांगला. "मिसबा, तू ऐक," ते म्हणाले. उभ्या आयुष्यात असं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"वाजला," मिसबा म्हणाली. दुसराही वाजला. तिसऱ्यावर हातोडी पडली तेव्हा ती काही बोलेना.

"काय?"

"पुन्हा मारा."

त्यांनी मारली. त्यांना तो पहिल्या दोन पाट्यांसारखाच वाटला, तसूभरही वेगळा नाही.

"हा नाही वाजला, दादा."

वैजनाथने डिझेलचा बोळा घेऊन पाटा मधल्या भोकापाशी घासला. काळपट थर निघाला आणि भोकापासून कडेपर्यंत गेलेली केसाएवढी चीर दिसली. झाडाखालची एक म्हातारी "अगं बाई," म्हणून उठून उभी राहिली. वैजनाथ चिरेकडे बघत राहिला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर चाचांना बरं वाटलं असतं.

"चाचा," तो म्हणाला, "दोन वर्षांत अशा किती गाड्या केल्या?"

चाचांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांना दिवाळी आठवली. कोल्हापूर, आणि येतानाचा खंबाटकी घाट. त्यांच्या चेहऱ्याकडे बघूनच मिसबाला कळलं. तिने फोन लावला. रिंग जातेय की नाही हे चाचांना कळत नव्हतं, ते नातीच्या तोंडाकडे बघत राहिले.

"अब्बा, गाडी बाजूला घ्या. नाही, दादी ठीक आहे. दादांना बोलायचंय."

चाचांनी फोन तोंडापाशी धरला. "नबील, दिवाळीत मी तुझे पाटे भरले ना? ते चालवू नकोस, बेटा. मला ऐकू येत नव्हतं."

रस्त्यावरून डंपर गेला, त्यात पलीकडचं सगळं बुडालं. त्यांनी फोन मिसबाकडे दिला. ती ऐकत राहिली आणि तिची मान हळूहळू खाली गेली.

"काय म्हणतो?"

"म्हणतात, काळजी करू नका. ते पाटे त्यांनी तेव्हाच हडपसरला दुसऱ्याकडून तपासून घेतलेत. एक बदलावा लागला." मिसबा अडखळली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, म्हणतात."

पोरगा सुखरूप होता. त्या आनंदाने चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच डोळ्यांत शरमही मावेना. म्हणजे चूक तेव्हाच कळली होती. बापाचा मान राखायला मुलगा गप्प बसला, आणि बापाला अबोल्याखेरीज काही सुचलं नाही. त्यानंतरचे सगळे टेम्पो मात्र चाचांच्या शब्दावर घाट उतरत राहिले.

वैजनाथ माणसांसाठी रिक्षा थांबवायला रस्त्यावर गेला. चाचा पंक्चरवाल्याच्या स्टुलावर बसले. दुकानात त्यांनी कधी वही ठेवली नव्हती, पण हाताखालून गेलेला प्रत्येक पाटा त्यांना आठवत असे.

"मिसबा, लिही," ते म्हणाले. "मंडईतला अभिनव, केळीवाला. उजवी बाजू, चौथा पाटा."