कॅसेटच्या शेवटी कोण बोलतं

दुकानाचं वेब पान थोरल्याने स्वतः लिहिलं होतं, आणि त्याचा स्वभाव बघता ते आटोपशीर असणं शक्यच नव्हतं. रेडिओ, टेपरेकॉर्डर, गुंतलेली कॅसेट, मिक्सर, इस्त्री, घड्याळ, खेळण्यातली मोटार. लोक इंटरनेटवर जे जे म्हणून शोधतील ते सगळं त्याने एकाच पानावर कोंबलं होतं. कुत्र्याचा पट्टासुद्धा होता. तो कशासाठी, हे विचारायला आता थोरला नव्हता.

मागे राहिले त्याची बायको आणि धाकटा भाऊ. वहिनी काउंटरवर, धाकटा दुरुस्तीच्या टेबलावर, आणि गिऱ्हाईक दुसरीकडे. म्हणून एका दुपारी वहिनीची भाची लॅपटॉप घेऊन आली. ती नोकरीत हेच काम करायची.

"मोठ्या काकांनी संमेलन भरवलंय, मावशी," ती म्हणाली. "एका पानाला एक मुख्य कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाइप करतात तो शब्द, पुरतो. सोबतीला फार तर दोन-तीन, तेही त्याच विषयाचे. इतक्या जणांना हाका मारल्या तर कुणीच ओ देत नाही."

"मग मोबाइल स्पीकर घाल," धाकटा म्हणाला. "कॅसेट आता कोण वाजवतं? उंदीर?"

"काका, मोबाइलवाली दुकानं पायलीला पन्नास आहेत. त्या गर्दीत तुम्हाला कोण विचारतो?" तिने लॅपटॉप वळवला. "लोक काय टाइप करून आपल्यापर्यंत येतात, ते इथे दिसतं. जे थोडे येतात ते कॅसेटवालेच. फक्त हे काय ते मला कळेना."

वहिनीने चष्मा लावला. 'कॅसेटच्या शेवटी कोण बोलतं.' त्याखाली, 'आईच्या कॅसेटमध्ये अनोळखी माणूस.' त्याखाली, 'कॅसेट संपल्यावर एक दोन तीन.'

"भुताटकीच्या पानावर निघाले होते, वाट चुकले," धाकटा हसला.

वहिनीने चष्मा काढला, पुसला, आणि तेच पुन्हा वाचलं.

थोरल्याला एक खोड होती. तुटलेली फीत जोडली की गिऱ्हाइकाचं बोलणं जिथे संपतं, त्याच्या पुढच्या कोऱ्या फितीवर तो आपल्या आवाजात चाचणी करून बघायचा. ती नंतर पुसायला हवी. त्याने कधी पुसली नाही. "तिथपर्यंत कोण ऐकतंय," म्हणायचा. धाकट्याला हे माहीतच नव्हतं. तो तेव्हा दुसरीकडे नोकरीला होता.

लोकांच्या आवाजांची डागडुजी करणाऱ्या या माणसाने घरात स्वतःचा आवाज मात्र कुठेच ठेवला नव्हता. फोटो होते, त्यांत तो तोंड मिटून उभा. हल्ली वहिनीला त्याची वाक्यं आठवत, शब्द न् शब्द. पण मनात ती ऐकू येत ती तिच्याच आवाजात. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"मुख्य शब्द कॅसेट दुरुस्ती," ती म्हणाली. "आणि सोबतीला हा शेवटी बोलणारा."

"मावशी, तो शोधणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकीसुद्धा नाहीत."

"एक आलं तरी मला चालेल."

"वहिनी, हे दुकान आहे," धाकटा म्हणाला.

"आहेच तर. भाऊजी, तुमच्या मोबाइलला वेगळं पान करून घ्या, आणि तिथे सुखाने नांदा."

"हे मात्र मावशी बरोबर बोलली," असं म्हणत भाचीने खोडायला घेतलं. इस्त्री गेली, घड्याळ गेलं. कुत्र्याच्या पट्ट्यापाशी वहिनीने जरा थांबायला लावलं, मग तोही गेला.

कॅसेटवाले हळूहळू वाढले. धाकट्याची कुरकुर थांबली, त्याअर्थी बरे वाढले असावेत.

मग एका सकाळी एक शिक्षिका आली. रुमालात गुंडाळलेली कॅसेट तिने काउंटरवर ठेवली.

"वडिलांचा आवाज आहे यात. त्यांनीच कधीतरी कुठेतरी जोडून घेतली होती. त्यांचं बोलणं संपतं, नुसती शांतता असते, आणि मग कुणीतरी परका बोलतो. इतके दिवस मी एकटीने ऐकलं की वाटायचं, तो तिथेच बसून बाबांचं संपायची वाट बघत होता. तेवढं पुसून द्याल?"

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं.

"आधी ऐकावं लागेल," ती म्हणाली.

धाकट्याने कॅसेट लावली. त्यात म्हातारा झाडांना पाणी घालायला सांगत होता. खोकला. थांबला. फीत सुरसुरत राहिली. आणि मग अगदी कानाशी: "हॅलो. एक. दोन. तीन." लांबून एका बाईची हाक आली, "वाढलंय." खुर्ची सरकली. "आलो." बटण खटकन वर आलं.

हाक मारणारी बाई आपणच, हे वहिनीला जरा उशिराच उमगलं. तोवर ती मागच्या स्वयंपाकाच्या खोलीच्या दाराकडे वळून उभी होती. धाकटाही.

"हाच तो," शिक्षिका म्हणाली. "ओळखता का?"

"आमच्याकडचेच आहेत," वहिनी म्हणाली. "पुसून देतो, माल तुमचा. तेवढ्या तुकड्याची नक्कल आम्ही ठेवली तर चालेल?"

"ठेवा की. मला नकोच आहे तो."

धाकट्याने नक्कल काढली. मग पुसायचं बटण काही त्याच्याने दाबवेना. शेवटी वहिनीनेच दाबलं.

पुढे भाचीचा फोन आला. "मावशी, तो शब्द काढून टाकू का आता? तुझं काम तर झालं."

"राहू दे. अजून किती घरांत ते बोलत बसलेत, कुणास ठाऊक."

नक्कल मागच्या खोलीतल्या टेपमध्येच असते. वहिनी ती कधी लावते, हे धाकट्याने विचारलेलं नाही. पण दुपारी आतून "वाढलंय" अशी हाक आली की तो लगेच उठत नाही. त्यापाठोपाठ "आलो" येतंय का, ते आधी ऐकतो.