मोडक्या टोकाचा जंबिया

मित्रांनो, मी एक जुना जंबिया आहे आणि आत्ता या घडीला भर उन्हात दुसऱ्याच्या उंबऱ्यावर पडलो आहे. ज्याला मला उचलायचा हक्क आहे तो उचलत नाही, आणि ज्याचा जीव माझ्यासाठी तुटतोय त्याला हात लावायची मुभा नाही. मला तर ना हात ना पाय. तेव्हा पडल्या पडल्या माझी कहाणी तरी सांगतो.

माझं पातं येमेनमधल्या सना शहरातल्या एका लोहारानं ठोकलं. पण आमच्या मुलखात जंबियाची किंमत पात्यावर नाही, मुठीवर ठरते. माझी मूठ शिंगाची आहे. ते जनावर कुठलं, मला ठाऊक नाही. त्यालाही कुणी विचारलं नसणार म्हणा! नवी मूठ काळपट असते. मग रोज बोलताना, चालताना, नुसतं उभं असताना मालकाचा तळवा तिच्यावर टेकतो आणि वर्षांमागून वर्षं गेली की ती मधासारखी पिवळी होते. हा रंग बाजारात मिळत नाही. तो बापाच्या हातानं सुरू होतो आणि लेकाच्या हातानं पुरा होतो.

हराज डोंगरातल्या साबितनं मला घेतलं. दर शुक्रवारी तो मुठीला तिळाच्या तेलाचं बोट लावायचा. "हा काही कापायसाठी नाही," तो म्हणायचा, "माणसानं ताठ उभं राहावं म्हणून कमरेला असतो." खरंच, उठसूट जंबिया उपसणाऱ्याला आमच्याकडे पोरंही हसतात.

साबितनं मला कामासाठी एकदाच उपसलं. त्यानं आणि शेजारच्या हादीनं मिळून डोंगरात पावसाच्या पाण्याचं टाकं खोदलं. जमीन साबितची, घाम दोघांचा. आतून चुन्याचा गिलावा झाला आणि तो ओला असतानाच साबितनं मला म्यानातून काढलं.

"अरे, विळा आहे ना तिथं," हादी म्हणाला.

"विळ्यानं गवत कापतात हादी, शब्द नाही देत." असं म्हणून साबितनं माझ्या टोकानं भिंतीच्या मध्यावर आडवी रेघ ओढली. रेघेच्या वरचं पाणी हादीच्या कॉफीच्या झाडांना, खालचं साबितच्या. शेवटाला चुन्यात खडा लागला आणि माझं टोक मोडून तिथंच रुतलं. दोघं पोट धरून हसले. "राहू दे, साक्षीदार झाला!" हादी म्हणाला.

मित्रांनो, त्या दिवशी तिथं तिसरं कुणी नव्हतं. फक्त मी होतो.

साबितचा लेक मुकबिल आणि हादीचा लेक काइद एकाच ताटात जेवून वाढले. लग्नकार्यात ढोल वाजला की जंबिया उपसून शेवटपर्यंत नाचणारी जोडी यांचीच. पुढं मुकबिल सौदीत मजुरीला गेला. तो तिकडं असतानाच दोन्ही म्हातारे गेले. टाकं गळायला लागलं म्हणून गवंड्यांनी जुन्या गिलाव्यावर नवा थर चढवला आणि रेघ झाकली गेली. त्यांना काय ठाऊक!

मुकबिल परतला आणि मी त्याच्या कमरेला आलो. मोडकं टोक बघून लोक विचारायचे. तो छाती फुगवून सांगायचा, "बाबांनी लांडगा मारला होता. बरगडीत अडकून मोडलं." ही गोष्ट त्यानं कुठं ऐकली की स्वतःच रचली, देव जाणे. ऐकणारे माना डोलवायचे. मी म्यानात मेल्याहून मेल्यासारखा व्हायचो. लांडगा मी कधी पाहिलासुद्धा नाही हो!

मग पाऊस रोडावला. मुकबिलनं टाक्याचं तोंड आपल्याच पाटाकडं वळवलं. काइद धावत आला.

"मुकबिल, अर्धं पाणी आमचं आहे. आत रेघ आहे, बाबा सांगायचे."

"मग दाखव ना रेघ! तुझे बाबा चंद्रसुद्धा अर्धा आपला म्हणायचे."

काइदचा चेहरा उतरला. "बापावर जाऊ नकोस," एवढंच तो बोलला.

प्रकरण जमातीचे प्रमुख शेख दैफल्लांकडे गेलं. रिवाजाप्रमाणे दोघांनी आपापले जंबिये काढून शेखांच्या हवाली केले. निवाडा मानीन, हा त्याचा अर्थ. लाकडी पेटीत मी आणि काइदचा जंबिया शेजारी शेजारी पडून राहिलो. शेख स्वतः टाक्यात उतरले, भिंतीवरून हात फिरवला. भिंत गुळगुळीत. गिलावा फोडला तर असलेलं पाणीही जाणार, म्हणून कुणी फोडला नाही. म्हातारा प्रामाणिक होता, दिसेल तेच बोलणार. पाणी मुकबिलचं ठरलं. माझं मोडकं टोक त्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि मी काही म्हणजे काही करू शकलो नाही.

मला परत देताना शेख म्हणाले, "काय सुरेख मूठ आहे!" सगळ्यांनी वाहवा केली. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मुकबिल लबाड नव्हता, मित्रांनो. तो खरंच समजून चालला होता की पाणी त्याचं आहे. म्हणून तर मला जास्त वाईट वाटायचं. काइद खालच्या झऱ्यावरून खांद्यावर पाण्याचे डबे वाहून आणायचा. माणूस किती आणणार? आधी पानं गळली, मग फांद्या वाळल्या. हादीनं लावलेली झाडं काइदनं स्वतः कुऱ्हाडीनं तोडली. तो आवाज आमच्या अंगणात ऐकू यायचा. मुकबिलचा तळवा तेव्हा माझ्यावर घट्ट दाबला जायचा.

आज सकाळी मुकबिल कोरड्या टाक्यात भेगा बुजवायला उतरला. खरवडता खरवडता गिलाव्याचा पोपडा पडला. आत आडवी रेघ होती आणि रेघेच्या शेवटी गंजलेलं, नखाएवढं लोखंड. त्यानं ते उकरलं, मला उपसलं आणि माझ्या टोकाला लावून पाहिलं. नेमकं बसलं.

मग त्यानं रेघेवरून शेवटापर्यंत बोट फिरवलं.

वरून कॉफीच्या सालांचा गरम काढा घेऊन आलेली त्याची बायको लुत्फिया ओरडली, "अहो, किशर गार होतंय! पुरलंत की काय स्वतःला?"

"लुत्फिया," तो म्हणाला, "बाबांनी लांडगा मारलाच नव्हता."

आमच्याकडे चूक कबूल करायची तर माणूस आपला जंबिया समोरच्याच्या उंबऱ्यावर ठेवतो. समोरच्यानं उचलला तर माफी मिळाली. तोवर ठेवणाऱ्यासकट दुसऱ्या कुणी शिवायचं नाही. मुकबिलनं मला आणि त्या तुकड्याला काइदच्या दारात ठेवलं.

काइदनं दार उघडलं. तुकडा बघितला, मला बघितलं.

"रेघेत होतं," मुकबिल म्हणाला. "तू खरं बोलत होतास."

"माझ्या झाडांना सांग जा," काइद म्हणाला आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून मी इथं आहे. मुकबिल रिकामं म्यान घेऊन भिंतीशी बसला आहे. ऊन सरकत सरकत माझ्या मुठीवर आलं. शिंग तापतंय. असं तापलं की ते तडकतं, आणि बापलेकांच्या हातांनी आणलेला रंग एका दुपारी जातो. मुकबिल नुसता बघतोय.

आत्ता दार वाजलं. काइद पाण्याचे दोन रिकामे डबे घेऊन बाहेर आला, मला ओलांडलं आणि थांबला.

"मूठ तडकेल ना, गाढवा!" तो मुकबिलवर खेकसला. खांद्यावरची शाल काढून त्यानं माझ्यावर टाकली. "उचललेला नाही मी. कळलं?"

"कळलं."

काइद झऱ्याकडं निघाला. मुकबिल उठला, एक डबा त्याच्या हातातून ओढून घेतला आणि मागोमाग चालू लागला. काइद त्याला हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

मी शालीखाली अंधारात पडून आहे. ते परत आल्यावर काय होईल, मला माहीत नाही. मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर ती झाडं आज उभी असती. तुम्हाला बोलता येतं. तुमच्या घरात एखादी जुनी सुरी असेल तर तिच्या मुठीला तेल लावा, तिला उन्हात टाकू नका. आणि तिचं टोक कशानं मोडलं, ते सांगणारं माणूस घरात आहे तोवर त्याला विचारून घ्या.