एकविसावं फूल

बाईंनी सहावं फूल देठाला धरून उलटं केलं आणि शाईच्या वाटीत बुचकळलं. वर काढून झटकलं आणि पंख्याखाली वर्तमानपत्रावर ठेवलं. पांढरी शेवंती लालभडक झाली होती आणि त्यांची बोटंही. घंटा व्हायला दहा मिनिटं होती, अजून चौदा फुलं बाकी होती.

काल शाळा सुटताना प्रत्येक मुलीने लाल पाण्याच्या पेल्यात एकेक फूल ठेवलं होतं. देठ पाणी वर ओढतो आणि पाकळ्यांना रंग चढतो, हे आज तपासणीला येणाऱ्या साहेबांसमोर दाखवायचं होतं. कोणी हात लावू नये म्हणून बाईंनी पेले लोखंडी कपाटात ठेवून कुलूप घातलं. सकाळी दार उघडलं तर फुलं पांढरीफटक. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. सात वर्षं त्या हंगामी होत्या, दर वर्षी नाक मुठीत धरून मोठ्या बाईंपुढे उभ्या राहत होत्या. आज साहेबांनी चांगला शेरा दिला तर नोकरी कायम होणार होती, नाहीतर घरी बसावं लागणार होतं.

पाठ मात्र छान रंगला. साहेब मागच्या बाकावर बसून मान डोलवत होते. मग ते उठले आणि बाकांमधून फिरू लागले. भिंगापाशी थांबले.

भिंग म्हणजे जाड चष्म्याची एक मुलगी. चष्मा असूनही प्रत्येक वस्तू नाकाला लावून बघायची. हे नाव बाईंनीच हसत हसत ठेवलं होतं, वर्गाने ते कायमचं चिकटवून टाकलं. तिच्या पुढ्यातलं फूल जवळजवळ पांढरंच होतं. पाकळ्यांवर केसासारख्या बारीक लाल रेघा होत्या, बस्स.

"हे असं का, बाळ?"

मुली एकवीस आणि कपाटातली फुलं वीस, हे घाईत बाईंच्या लक्षातच आलं नव्हतं.

"माझा पेला कपाटात मावला नाही, सर. मी खिडकीत ठेवला," भिंग म्हणाली. "तिथे वारा लागतो. पानांतलं पाणी उडून गेलं की देठ खालून दुसरं ओढतो. रंग नळ्यांतूनच वर आलाय, बघा. हिच्या फुलात तर..." ती शेजारणीच्या फुलावर वाकली. "हिच्यात नळ्याच दिसत नाहीत. आणि देठ वरून..."

"पुरे," बाई म्हणाल्या.

त्या बाकापाशी आल्या आणि भिंगाच्या पेल्यातलं फूल त्यांनी उचललं. त्यांच्या सात वर्षांत इतकं सुरेख फूल कधी आलं नव्हतं. हे त्यांना कळत होतं, आणि म्हणूनच त्यांना पोरीचा राग आला.

"हिला नीट दिसत नाही, सर. शाई किती घालायची तेही कळलेलं नाही." मग त्या वर्गाकडे वळल्या. "कोणाची फुलं बरोबर आली आहेत गं?"

वीस लाल फुलं वर झाली.

"काय गं भिंग, वीस जणी चुकल्या आणि तू एकटी शहाणी?"

वर्ग हसला. बाईंनी हसू दिलं, सगळं ओसरेपर्यंत थांबल्या.

"सांग साहेबांना. कोणाचं बरोबर?"

भिंग बाईंच्या हाताकडे बघत होती. बोटं दुसऱ्या पेरापर्यंत लाल होती.

"त्यांचं."

"आणि तुझं?"

"चुकलं."

बाईंनी फूल कचऱ्याच्या डब्यात टाकलं. भिंगाने चष्मा काढून ओढणीला पुसला, पण परत डोळ्यांवर चढवला नाही.

व्हरांड्यात साहेबांनी शेरेबुक भिंतीला टेकवून सही केली.

"बुचकळलीत ना?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

बाईंनी लाल बोटं पदराखाली घेतली.

"मास्तर होतो तेव्हा मीही हेच करायचो. आमच्यासारखे आले की प्रयोग फसून चालतं का? पण ती पोर छान गप्प केलीत. वर्गावर पकड पाहिजे, ती आहे तुमची." त्यांनी शेरेबुक मिटलं. "कायमच्या यादीत नाव घालतो."

बाई 'थँक्यू सर' म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या.

शेवटच्या तासाला प्रयोगाच्या वह्या तपासायच्या होत्या. भिंग आपली वही घेऊन टेबलापाशी आली. फुलाची आकृती दोनदा काढलेली होती. खोडलेल्या पहिल्या आकृतीतल्या बारीक नळ्यांच्या खुणा कागदावर अजून दिसत होत्या. त्यावर लाल पेन्सिल इतकी दाबून फिरवली होती की पान एका जागी फाटलं होतं. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'निष्कर्ष : वीस फुले लाल झाली, म्हणून ती बरोबर.'

बाईंनी वर पाहिलं. पोरीच्या चेहऱ्यावर राग असता, निदान कुजकेपणा असता, तर त्यांना बरं वाटलं असतं. पण ती मन लावून पेनाकडे बघत होती. गुण किती पडतात एवढंच तिला हवं होतं.

"असंच लिहायचं ना, बाई?"

बाईंनी दहापैकी दहा दिले आणि पुढची वही ओढली.